रस्त्यावर लष्कर दिसलं की काय बघायचं, काय विचारायचं, काय लिहून ठेवायचं

"लष्कर रस्त्यावर उतरलं" अशी बातमी आली की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो बरं झालं आता तरी शिस्त लागेल आणि दुसरा म्हणतो झालं, हुकूमशाही आली. ऑर्डर मात्र दोघांपैकी कोणीच वाचलेली नसते. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या या बातम्या मन लावून वाचतेय आणि माझं मत असं झालंय की कुठलं प्रकरण खरंच मदतीचं आहे आणि कुठलं पुढे भलतीकडे जाणार हे बऱ्याच अंशी आधीच ओळखता येतं, फक्त ठराविक प्रश्न विचारायची आणि उत्तरं लिहून ठेवायची सवय लागते. एक सांगून ठेवते, मला सैनिकांबद्दल राग नाहीये. ज्या कामाचं ट्रेनिंगच दिलेलं नाही त्या कामाला त्यांना जुंपायचं आणि चूक झाली की त्यांनाच पुढे करायचं, हे त्यांच्यावरही अन्यायाचंच आहे.

आधी वर्दी ओळखा

फोटोत मातकट हिरवी वर्दी आणि हेल्मेट दिसलं म्हणजे आर्मीच असं धरून चालू नका. भारतात दंगलीच्या बंदोबस्ताला दिसतात ते बरेचदा सीआरपीएफ किंवा त्यांच्याच आरएएफ (रॅपिड ॲक्शन फोर्स) या दंगलविरोधी दलाचे जवान, म्हणजे गृहमंत्रालयाच्या हाताखालचे, पण फॉरवर्डमध्ये ते "आर्मी" होऊन जातात. अमेरिकेत अजून घोळ आहे, तिथे नॅशनल गार्डचा (राज्यांचं राखीव सैन्य) तोच जवान गव्हर्नरच्या हाताखाली असला तर नियम वेगळे आणि राष्ट्राध्यक्षांनी फेडरल म्हणजे केंद्राच्या ताब्यात घेतला की वेगळे. फेडरल झाला की १८७८ चा पॉसी कोमिटॅटस कायदा लागू होतो, जो कायद्यात वेगळी मुभा नसेल तर सैन्याकडून पोलिसांचं काम करून घ्यायला मनाई करतो. उलटाही प्रकार असतो, २०२० च्या जुलैत पोर्टलंड शहरात फेडरल एजंट सैनिकांसारखे कपडे घालून, नावाची पट्टी न लावता, बिनखुणेच्या गाड्यांमधून लोकांना उचलत होते, ते सैनिक नव्हतेच. म्हणून वहीत पहिली ओळ ही लिहायची: हे दल कोणतं, कोणत्या खात्याचं, आणि अंगावर नाव-नंबर दिसतोय का. नाव-नंबर झाकलेला असेल तर त्याला ठळक खूण करा, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर सगळं तिथेच अडतं.

कोणी बोलावलं आणि कुठल्या कायद्याखाली

जवळजवळ सगळ्या लोकशाही देशांत मूळ कल्पना एकच, आधी पोलीस, पोलिसांना आवरेना तर नागरी अधिकारी सैन्याला बोलावणार, आणि काम संपलं की सैन्य परत बराकीत. भारतात हे आता बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १४८ ते १५० या कलमांत आहे, जमाव दुसऱ्या कशाने पांगत नसेल तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी सैन्याला सांगू शकतो, आणि कमीत कमी बळ वापरायचं हे कायद्यातच लिहिलंय. तर विचारायचं असं की लेखी हुकूम कुठाय, त्यावर सही कोणाची, कलम कुठलं, भाग कोणता. गॅझेट, सरकारी वेबसाइट, कोर्टात दाखल झालेली कागदपत्रं, यात तो सापडतो. फक्त भाषण किंवा ट्वीट असेल आणि हुकूम कुठेच मिळत नसेल तर तेही तारखेसकट लिहून ठेवा.

पण इथे एक गोष्ट घाईत समजून घेऊ नका. "राज्य सरकार नको म्हणत होतं तरी केंद्राने सैन्य पाठवलं" एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. १९५७ मध्ये अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलं सेंट्रल हायस्कूलला जाणार होती, शाळांमधला वर्णभेद सुप्रीम कोर्टाने १९५४ लाच बेकायदा ठरवला होता, तरी गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने राज्याचं नॅशनल गार्ड लावून त्या मुलांना अडवलं. मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ते गार्ड फेडरल ताब्यात घेतलं आणि सैन्याच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे जवान पाठवले, मुलं त्या जवानांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. १९६५ मध्ये अलाबामात मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीही गव्हर्नरच्या विनंतीशिवाय गार्ड ताब्यात घेतलं. दोन्ही वेळा मागे कोर्टाचा आदेश होता आणि ज्यांचा हक्क मारला जात होता त्यांच्या बाजूने बंदूक उभी होती.

आता २०२५ चा जून घ्या. लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनच्या धाडींविरुद्ध निदर्शनं सुरू होती, ट्रम्प यांनी गव्हर्नर न्यूसम यांच्या मनाविरुद्ध साधारण ४,००० गार्ड आणि ७०० मरीन्स (हे पूर्णवेळ फेडरल सैन्य) उतरवले. यावेळी मागे कोर्टाचा आदेश नव्हता. उलट २ सप्टेंबरला फेडरल न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी निकाल दिला की सैन्य वापरताना पॉसी कोमिटॅटस कायदा मोडला गेला, सरकार अपिलात गेलं. म्हणजे कागदावर "गव्हर्नरच्या संमतीशिवाय" हे तिन्ही वेळा सारखंच, पण सैन्य कोणाचा हक्क राखायला आलंय हे विचारलं की फरक लगेच दिसतो. माझ्या मते हा प्रश्न कलमाच्या नंबरापेक्षा आधी विचारायला हवा.

त्यांना काम काय दिलंय

यावर मी जास्त वेळ घालवते कारण बातमीत नेमकं हेच नसतं. "५०० जवान तैनात" एवढंच येतं. तैनात म्हणजे काय करतायत? पुरात माणसं काढणं, पूल बांधणं, हॉस्पिटल उभं करणं, यावर कोणाचीच हरकत नसते. इमारतीबाहेर पहारा देणं हे मधलं, फ्रान्समध्ये २०१५ च्या हल्ल्यांनंतर ऑपरेशन सेंटिनेलमध्ये १०,००० सैनिक प्रार्थनास्थळं, स्टेशनं वगैरे राखायला लावले. पण नाकाबंदी करून गाड्या तपासणं, घराची झडती, अटक, चौकशी, जमाव पांगवणं हे पोलिसांचं काम आहे, आणि यातलं काही सैनिक करायला लागले की धोक्याची पातळी एकदम बदलते.

का बदलते ते समजायला १९९२ चा एक प्रसंग पुरेसा आहे. लॉस एंजेलिसच्या दंगलीत गव्हर्नरनेच मदत मागितली होती, सगळं कायदेशीर होतं. कॉम्प्टन भागात घरगुती भांडणाचा कॉल आला म्हणून पोलीस आणि मरीन्स एकत्र गेले, आतून गोळी सुटली आणि पोलीस ओरडला "कव्हर मी". पोलिसांच्या भाषेत याचा अर्थ बंदूक रोखून तयार राहा, लक्ष ठेव. मरीन्सच्या ट्रेनिंगमध्ये याचा अर्थ गोळीबार करून समोरच्याला दाबून टाक म्हणजे मला पुढे सरकता येईल. त्यांनी शिकवलं होतं तेच केलं, घरावर २०० च्या वर गोळ्या गेल्या. सुदैवाने कोणी दगावलं नाही. त्या जवानांची नियत वाईट नव्हती, शिस्तही मोडली नव्हती, तरी असं झालं, मला वाटतं सगळ्यांना हा प्रसंग माहीत असायला हवा.

बाकीच्या ठिकाणी नशीब नव्हतं. ४ मे १९७० ला केंट स्टेट युनिव्हर्सिटीत ओहायोच्या नॅशनल गार्डने विद्यार्थ्यांवर १३ सेकंदांत ६७ च्या आसपास गोळ्या झाडल्या, ४ मेले, ९ जखमी. १९९७ मध्ये टेक्सासच्या सीमेवर ड्रग्जवर नजर ठेवायला लपून बसलेल्या मरीन्सच्या गोळीने शेळ्या चारणारा १८ वर्षांचा मुलगा गेला, त्याच्याकडे छोटी रायफल होती आणि त्यांना वाटलं हा हल्ला करतोय, त्यानंतर तिथली सैनिकी गस्त थांबवावी लागली. पोलिसाला समोरचा माणूस नागरिक आहे असं धरून चालायला शिकवतात, सैनिकाला समोर शत्रू असू शकतो असं धरून जिवंत राहायला शिकवतात. दोन आठवड्यांच्या ओरिएंटेशनने हे पुसलं जात नाही.

म्हणून विचारायचं: हातात खऱ्या गोळ्या आहेत की जमाव पांगवायची साधनं? गोळी कधी चालवायची याचे नियम जाहीर केलेत का? सोबत पोलीस आहे का आणि अटक कोण करतंय? संयुक्त राष्ट्रांची १९७९ ची पोलीस आचारसंहिता स्पष्ट सांगते की जिथे सैनिक पोलिसांचं काम करतात तिथे त्यांनाही पोलिसांचेच नियम लागू, हे वाक्य निवेदनात, अर्जात वापरा, उपयोगी पडतं.

शेवटची तारीख

मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते विचाराल तर याची. हुकुमावर संपण्याची तारीख आहे का बघा, असेल तर फोनच्या कॅलेंडरवर टाका, आणि तीन दिवस आधीचा रिमाइंडर लावा.

इटलीने २००८ च्या ऑगस्टमध्ये ३,००० सैनिक सहा महिन्यांसाठी शहरांत आणले, ती मोहीम वर्षानुवर्षं वाढतच गेली. फिलिपिन्समध्ये मे २०१७ ला मारावी शहरावर अतिरेक्यांनी कब्जा केला म्हणून अख्ख्या मिंडानाओ भागात ६० दिवसांचा मार्शल लॉ (लष्करी अंमल) लागला, लढाई ऑक्टोबरमध्ये संपली आणि मार्शल लॉ २०१९ च्या अखेरीला. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये मार्च २०२२ ला टोळ्यांनी एका वीकेंडला डझनावारी खून केले, ३० दिवसांची आणीबाणी लागली, मग दर महिन्याला संसद वाढवत गेली आणि ८०,००० हून जास्त लोक आत गेले. भारतात आफ्स्पा, म्हणजे सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा, १९५८ चा, अशांत क्षेत्राचं नोटिफिकेशन बरेचदा सहा सहा महिन्यांनी पुढे ढकललं जातं, काही भागांतून २०२२ नंतर उठलंय पण सगळीकडून नाही.

मुदतवाढीचं कारण नीट वाचत चला. गुन्हे वाढले म्हणून मुदतवाढ, हे समजू शकतं. पण गुन्हे कमी झाले म्हणजे उपाय लागू पडतोय म्हणून मुदतवाढ, असं पण लिहिलेलं दिसायला लागलं तर मग कुठल्याही परिस्थितीत सैन्य मागे जायचा मार्गच उरत नाही, हे ओळखा. आणि सोबत हे पण विचारा की दरम्यान पोलीस सुधारण्यासाठी काय केलं, भरती किती, ट्रेनिंग काय. मेक्सिकोने डिसेंबर २००६ ला मिचोआकानमध्ये सैन्य पाठवलं ते तात्पुरतं म्हणून, पुढे २०१९ ला फेडरल पोलीसच बंद करून नॅशनल गार्ड नावाचं नवं दल उभं केलं आणि २०२४ ला घटनादुरुस्ती करून तेही लष्कराच्या ताब्यात दिलं, आता परत बोलवायचं म्हटलं तरी जागा घ्यायला पोलीस कुठून आणणार.

पहिल्या दिवसाचं स्वागत बघून निश्चिंत होऊ नका हे पण इथेच सांगते. ऑगस्ट १९६९ मध्ये नॉर्दर्न आयर्लंडच्या कॅथलिक वस्त्यांमध्ये ब्रिटिश सैनिकांना लोकांनी चहा करून दिला होता, कारण जमाव घरं जाळत होते आणि पोलिसांवर भरवसा नव्हता. लोक चुकले नव्हते, त्या दिवशी खरंच जीव वाचले. अडीच वर्षांत त्याच बेटावर काय झालं ते पुढे आहे, आणि ती मोहीम संपली २००७ ला.

चूक झाली तर जाब कोण देणार

३० जानेवारी १९७२, नॉर्दर्न आयर्लंडमधलं डेरी शहर. पॅराशूट रेजिमेंटच्या जवानांनी नागरी हक्कांच्या मोर्च्यावर गोळ्या चालवल्या, त्या दिवशी १३ मेले, एक नंतर गेला. काही आठवड्यांत लॉर्ड विजरी यांचा चौकशी अहवाल आला, त्यात सैनिकांना बहुतांशी सोडून दिलं आणि मेलेल्यांवरच संशय ठेवला. घरच्यांनी सोडलं नाही, १९९८ ला दुसरी चौकशी बसली, सॅविल अहवाल १५ जून २०१० ला आला आणि पंतप्रधान कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली. ३८ वर्षं लागली. ज्यांनी फोटो, जबाब, कपडे, कागद जपून ठेवले त्यांच्यामुळेच ते शक्य झालं.

म्हणून सैन्य उतरल्याच्या पहिल्या आठवड्यातच विचारा की खटला साध्या कोर्टात चालणार की लष्करी, आणि खटला भरायला कोणाची परवानगी लागते. ब्राझीलने २०१७ ला कायदा बदलून अशा मोहिमांत सैनिकाने नागरिक मारला तर ते प्रकरण लष्करी न्यायालयाकडे नेलं. आफ्स्पात केंद्राच्या परवानगीशिवाय खटला भरता येत नाही. डिसेंबर २०२१ ला नागालँडमध्ये ओटिंगजवळ कोळसा खाणीतून घरी परतणारे ६ मजूर सैन्याच्या गोळीबारात गेले, मग उसळलेल्या हिंसेत अजून गावकरी गेले, नागालँड पोलिसांनी ३० जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने परवानगी दिली नाही आणि २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती प्रकरणं बंद केली, परवानगी मिळाली तर पुन्हा उघडता येतील असं म्हणून. त्याच कोर्टाने २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं होतं की सरसकट माफी कोणालाच नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा म्हणजे हक्क कागदावर असणं आणि हातात येणं यात किती अंतर आहे ते कळतं.

आजूबाजूला काय चाललंय

फक्त सैन्य रस्त्यावर आहे म्हणजे हुकूमशाही आली असं नाही, इटलीत इतकी वर्षं सैनिक उभे आहेत आणि निवडणुकीत सरकारं पडतायत, पेपर हवं ते लिहितायत. भीती तेव्हा धरायची जेव्हा सैन्यासोबत त्याच महिन्या-वर्षात बाकीच्या गोष्टी सरकायला लागतात. एल साल्वादोरचा क्रम बघा: फेब्रुवारी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष बुकेले सशस्त्र सैनिक घेऊन संसदेत शिरले, मे २०२१ मध्ये नव्या संसदेने घटनापीठाचे न्यायाधीश आणि ॲटर्नी जनरल काढले, २०२२ ला आणीबाणी, २०२५ ला कितीही वेळा निवडून यायची मुभा. एकेक सुटं वाचलं तर प्रत्येकाला काहीतरी कारण दिलेलं होतं. आणि हे पण खरंय की टोळ्यांनी छळलेल्या लोकांना खूप हायसं वाटलं, ते खोटं ठरवू नका, त्यांच्याशी बोलताना त्यांची भीती आधी मान्य करा आणि मग विचारा की उद्या तुमच्या घरचा चुकून उचलला तर तुम्ही कोणाकडे जाल.

म्हणून एका पानावर पाच रकाने करा, संसद, कोर्ट, पेपर-टीव्ही, निवडणूक, विरोधी पक्षाचे नेते, आणि सैन्य उतरल्यापासून प्रत्येकात काय बदललं ते तारखेने भरत जा. भाषणातले शब्द पण टिपा, "गुन्हेगार" च्या जागी "आतले शत्रू" यायला लागलं की समजा सैन्याला आता नागरिकांमध्येच शत्रू शोधायला सांगितलं जातंय. १९७२ ला फिलिपिन्समध्ये मार्कोस यांनी मार्शल लॉ लावला तेव्हा पेपर आणि टीव्ही बंद, विरोधी नेते आत, हे सगळं दोन-तीन दिवसांत झालं. त्यातून शिकून १९८७ च्या घटनेत त्यांनी लिहिलं की संसदेने वाढवल्याशिवाय मार्शल लॉ ६० दिवसांपेक्षा जास्त नाही, ४८ तासांत संसदेला अहवाल, आणि कोणीही साधा नागरिक सुप्रीम कोर्टात आव्हान देऊ शकतो, कोर्टाने ३० दिवसांत निकाल द्यायचा. २०१७ ला तेवढ्यानेही मुदतवाढी थांबल्या नाहीत, पण प्रत्येक वेळी संसदेत मत द्यावं लागलं आणि वेळोवेळी कोर्टातही उत्तर द्यावं लागलं, हेही थोडं नाही.

प्रत्यक्ष रस्त्यावर असाल तर

हात दिसतील असे ठेवा, अचानक धावू नका, जवानाशी हुज्जत घालू नका. शिव्या अजिबात देऊ नका, समोर वीस-बावीस वर्षांचं पोरगं असतं आणि तेही घाबरलेलं असतं. व्हिडिओ काढायला कायद्याने मनाई नसेल तर लांबून काढा, सुरुवातीला जागा आणि वेळ बोलून घ्या, मूळ फाइल एडिट न करता दोन ठिकाणी ठेवा. निदर्शकांचे चेहरे ब्लर केल्याशिवाय पोस्ट करू नका. जुना किंवा दुसऱ्या देशातला व्हिडिओ फिरवलात तर तुमचे खरे पुरावे पण कोणी मानणार नाही. कोणाला उचललं तर नाव, वेळ, कोणत्या दलाने, कोणत्या गाडीतून, कुठल्या दिशेने, एवढं लगेच लिहा आणि घरच्यांना व वकिलाला कळवा, हेबियस कॉर्पसच्या (उचललेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशा) अर्जाला हीच माहिती लागते आणि पहिल्या काही तासांना सगळ्यात जास्त किंमत असते.

आणि लोकप्रतिनिधीला फोन करा, खरंच करा. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्ष यून यांनी मार्शल लॉ लावला, सैन्य संसदेत शिरलं, तरी खासदार कुंपणावरून उड्या मारून आत पोचले, कर्मचाऱ्यांनी दारांना फर्निचर लावून धरलं, बाहेर थंडीत लोक जमले, आणि हजर असलेल्या १९० च्या १९० खासदारांनी तो उठवायचा ठराव केला. साधारण सहा तासांत सगळं मागे घ्यावं लागलं. एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने यून यांना पदावरून काढलं आणि निकालात लिहिलं की ठराव लवकर होऊ शकला तो नागरिकांच्या विरोधामुळे आणि सैनिक-पोलिसांनी हुकूम मनापासून न राबवल्यामुळे. म्हणून घरात, ओळखीत कोणी फौजेत असेल तर त्यांच्याशी शांतपणे बोला, बेकायदा हुकूम म्हणजे काय यावर त्यांचं म्हणणं ऐका, ते आपल्यापेक्षा जास्त जाणतात.

सैन्य परत गेल्यावर

वही इथे बंद करू नका. एकूण किती अटका, त्यातले किती अजून आत, गोळी किती वेळा चालली, किती तक्रारी आणि त्यांचं काय झालं, हे माहिती अधिकारासारखी सोय असेल तर लेखी मागा. आणि आणीबाणीचे अधिकार साध्या कायद्यात तर शिरले नाहीत ना ते तपासा, फ्रान्सने सहा वेळा वाढवलेली आणीबाणी १ नोव्हेंबर २०१७ ला संपवली पण झडती आणि हालचालींवरच्या बंधनांचे काही अधिकार त्याआधी दोनच दिवस नेहमीच्या कायद्यात घालून घेतले. म्हणून आणीबाणी उठल्याची बातमी आली की त्या आठवड्यात संसदेत कुठली बिलं पास झाली ती यादी काढून एकदा वाचा.